तळाच्या पाण्याला वास नाही

स्टामेन कालुदोव कुणावरही विश्वास ठेवत नसे, आणि याचाच त्याला पगार मिळत असे. वार्नाच्या बंदरातून समुद्राचा अभ्यास करायला जे ‘बुरेवेस्तनिक’ जहाज निघतं, त्यावर तो तंत्रज्ञ होता. शास्त्रज्ञ येत, आपापले वाद घालत आणि उतरून जात. समुद्रात खोल सोडायची यंत्रं धुणं, लावणं, सोडणं आणि धडधाकट वर आणणं, हे काम स्टामेनचं. यंत्र खोटं बोलतं, तार खोटी बोलते, पडद्यावरचा आकडा तर हमखास खोटा बोलतो, असं धरूनच त्याचा दिवस सुरू होई. ते ठीकच होतं. पण ही सवय जहाजावरून उतरताना गोदीत ठेवून यायची असते, हे काही त्याला कधी उमगलं नव्हतं. मुलीनं एकदा आपला मित्र जेवायला घरी आणला. पोरगा म्हणाला, मी औषधांच्या दुकानात काम करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टामेन त्या दुकानात ॲस्पिरिन घ्यायला हजर! पोरगा खरंच तिथे उभा होता, तर हा पठ्ठ्या घरी येऊन म्हणतो, “काउंटरच्या आत होता खरा, पण आजच्यापुरता उभा केला असेल.”

“तुला स्वर्गात नेलं ना,” त्याची बायको दाफिना म्हणायची, “तरी तू आधी विचारशील, मागच्या दारानं कोण येतं म्हणून.”

आता हेही खरं, की आमचा काळा समुद्र मुळातच संशय घेण्यासारखा आहे. वरवरचं पाणी जिवंत. मासे, डॉल्फिन, सगळी गंमत तिथेच. त्याच्या खाली गेलात की प्राणवायूचा मागमूस नाही, पार तळापर्यंत सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू पाण्यात विरघळलेला. म्हणून आमच्या जहाजावरच्या जुन्या माणसांना आकडा बघायच्या आधी नाक पुढे करायची खोड असते. तळाच्या पाण्याची बाटली उघडली आणि डोळ्यांत पाणी आणणारा वास आला, की समजायचं, काम चोख झालं.

हे पाणी वर आणतात ते एका लोखंडी सांगाड्यातून. सांगाड्याला गोलाकार उभ्या बाटल्या, प्रत्येक बाटली माणसाच्या कमरेइतकी उंच, दोन्ही तोंडं उघडी. तशाच त्या खाली जातात. वर येताना ठरलेल्या खोलीवर एकेका बाटलीची दोन्ही झाकणं खटकन मिटतात. एकदा मिटली, की वरचं पाणी आत शिरता कामा नये. शिरलं, तर ती बाटली तुम्हाला तळाची म्हणून कुठलीतरी भलतीच गोष्ट सांगणार. स्टामेनचा सगळा जीव या झाकणांत. बाटल्या लावून झाल्या की तो टॉर्च घेऊन सांगाड्याभोवती फिरे, मग उलटा फिरे, आणि त्याशिवाय सांगाड्याची तार सोडणाऱ्या-ओढणाऱ्या विंचवर बसलेल्या पानायोतला खूण करत नसे. दुसऱ्या कुणी लावलेल्या बाटलीवर, दुसऱ्या कुणाच्या शब्दावर त्यानं सांगाडा पाण्यात सोडला, असं या गोष्टीपर्यंत कधी झालं नव्हतं.

त्या वर्षी मार्चच्या तोंडावर जहाज निघालं, तेव्हा स्टामेनच्या हाताखाली एक नवीन मुलगी होती. झोर्नित्सा नाव, बाल्चिकची. तिशीची असेल. हिवाळाभर ती हंगामी म्हणून काम करत होती, आणि ही सफर संपली की ठरणार होतं, कायम करायचं का घरी पाठवायचं. घरी म्हणजे पुन्हा उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या हॉटेलात जर्मन पाहुण्यांना खोलीच्या किल्ल्या वाटणं. तिनं ते काम सहा-सात उन्हाळे केलं होतं आणि तिला त्याचा मनापासून कंटाळा होता. समुद्रावर मात्र ती खुलायची. ठरवणार होत्या मोहिमेच्या प्रमुख डॉक्टर बिस्त्रा मिंचेवा, पण मिंचेवाबाईंनी निघतानाच स्टामेनला सांगून टाकलं होतं, “तिच्याबरोबर काम तुम्ही करणार. तुम्ही हो म्हणालात तर हो, नाही म्हणालात तर नाही.”

बाईंना वाटलं, आपण त्याला मान दिला. स्टामेनला वाटलं, यात काहीतरी आहे. जहाजावर तंत्रज्ञाची कायम जागा एकच होती आणि तिच्यावर तो स्वतः बसलेला होता. मग ही पोरगी कायम होणार म्हणजे कुठे बसणार? त्यानं पानायोतला विचारलं.

“अरे, दुसरी जागा काढतील,” पानायोत म्हणाला. तो सोझोपोलचा, कोळ्याच्या घरातला, स्टामेनच्याच वयाचा आणि जहाजावर त्याला अरे-तुरे करणारा एकटाच.

“आणि नाही काढली तर?”

“तर तिला तुझ्या मांडीवर बसवू. झालं समाधान?”

एक मार्चला सकाळी झोर्नित्सा खाण्याच्या खोलीत आली ती पिशवी भरून मार्तेनित्सा घेऊन. लाल-पांढऱ्या लोकरीचे दोरे, त्या दिवशी एकमेकांच्या मनगटावर बांधायचे, वर्षभर तब्येत चांगली राहो म्हणून. मग पहिला करकोचा दिसेपर्यंत किंवा पहिलं झाड फुलेपर्यंत हातात ठेवायचे आणि झाडाच्या फांदीला बांधून टाकायचे. तिनं कप्तानाला बांधला, आचाऱ्याला बांधला, मिंचेवाबाईंना बांधला. पानायोतनं तर दोन्ही हात पुढे केले. स्टामेनसाठी तिनं सगळ्यांत जाड दोरा वळला होता, त्याला लोकरीचे दोन छोटे गोंडे, एक लाल, एक पांढरा.

“बाते स्टामेन, हात,” ती म्हणाली. जहाजावर सगळी धाकटी माणसं त्याला बातेच म्हणत, थोरला भाऊ म्हणून.

स्टामेननं गोंड्यांकडे बघितलं. इतरांना साधा दोरा आणि मला गोंडे? का बुवा? ज्याच्या शब्दावर हिची नोकरी, त्यालाच नेमके गोंडे! त्यानं हात कोटाच्या खिशात घातले.

“मला लोकरीनं खाज सुटते.”

आमच्याकडे लोक सावकाराशी भांडतील, सासूशी भांडतील, पण पुढे केलेली मार्तेनित्सा कुणी नाकारत नाही. पानायोतनं टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली. झोर्नित्सा क्षणभर तो दोरा हातात धरून उभी राहिली, मग हसली आणि म्हणाली, “बरं, मग राहू दे माझ्याकडे.” तिचा चेहरा पडला होता. स्टामेनलाही तो दिसला, पण पडलेला चेहराही करता येतो, असं त्याचं मत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डेकवर आला, तर झोर्नित्सा एकटीच सांगाड्याजवळ वाकलेली. हात आत, बाटल्यांच्या मधे. त्याची पावलं ऐकली तशी ती चटकन सरळ झाली आणि तिचा हात मागे गेला.

“काय चाललंय?”

“काही नाही बाते. बघत होते.”

“काय बघत होतीस?”

“काही नाही,” ती म्हणाली आणि लाल होऊन आत पळाली.

स्टामेननं सगळ्या बाटल्या तपासल्या. झाकणं बरोबर, रबरी वायसर जागेवर, तोट्या घट्ट. काही सापडलं नाही, म्हणून तर त्याला जास्तच टोचत राहिलं.

त्याच दिवशी दुपारी सांगाडा खोल गेला आणि वर आला. पाणी काढायचं काम झोर्नित्साचं. ती एकेका तोटीला नळी लावून छोट्या बाटल्या भरत होती. सगळ्यांत खोलच्या पाण्याशी आली आणि थबकली. वास घेतला. पुन्हा घेतला.

“बाते, याला वास नाही.”

स्टामेननं नाक लावलं. होता, पण असा, की शेजारच्या घरात कुणीतरी अंडं उकडतंय. त्या खोलीवरच्या पाण्यानं माणूस दोन पावलं मागे सरायला हवा! मग तिनं त्यात औषधाचे थेंब टाकले. प्राणवायू नसेल तर पाणी फिकट राहतं, असेल तर तपकिरी गाळ धरतो. गाळ धरला. तपकिरी, चांगला जाड.

मिंचेवाबाई धावत आल्या. त्यांचा चेहरा उजळला होता आणि घाबरलाही होता. खरं असेल, तर तळाशी प्राणवायू पोचला म्हणजे सबंध काळ्या समुद्राची कहाणी बदलली. खोटं असेल, तर आपलं हसं. बाईंनी शांतपणे विचारलं, “स्टामेन, बाटली चांगली आहे?”

“बाटली चांगली आहे,” स्टामेन म्हणाला, आणि त्याची नजर आपोआप झोर्नित्साकडे गेली.

पुढच्या खेपेला तो विंचच्या खोलीआड उभा राहिला. हातात कॉफी, डोळे तिच्या हातावर. तिनं काही वावगं केलं नाही. पण जो माणूस वावगं करणार असतो, तो तरी दिसेल असं कशाला करील? सगळ्यांत खोलच्या बाटलीचं पाणी पुन्हा तपकिरी. तिसऱ्या खेपेला त्यानं चाल केली. ती हातमोजे आणायला आत गेली, तेवढ्यात त्यानं त्याच बाटलीचं पाणी स्वतः काढलं आणि आपल्या खोलीत नेऊन तपासलं. तेही तपकिरी.

आता कुणीही म्हणेल, मग पोरगी सुटली. पाणी काढण्यात तिची चूक नाही, बाटलीतच घोटाळा आहे. स्टामेननंही बाटलीचे वायसर बदलले, झाकणाची कड बोटानं चाचपली. सगळं ठणठणीत. मग त्याच्या डोक्यात तो सकाळचा प्रसंग चमकला. वाकलेली पाठ. मागे गेलेला हात. लाल झालेला चेहरा. घोटाळा बाटलीत, आणि बाटल्या कुणाच्या अखत्यारीत? माझ्या. बदनाम कोण होणार? मी. जागा कुणाची रिकामी होणार? हे सगळं त्यानं इतकं व्यवस्थित जुळवलं, की एकही सांधा सुटा राहिला नाही.

“तू गाढव आहेस,” पानायोत शेंगांच्या सूपमध्ये पाव बुडवत म्हणाला. “ती पोरगी तुझ्यासाठी सकाळी कॉफी करते.”

“तेच म्हणतोय मी! का करते?”

“मी तुझी बायको असतो ना, तर पहिल्याच वर्षी समुद्रात उडी मारली असती.”

पण स्टामेनला आता थट्टा ऐकायची नव्हती. संध्याकाळच्या जेवणाआधी तो मिंचेवाबाईंच्या खोलीत गेला, दार लावून घेतलं आणि सांगितलं, “ही मुलगी नको.”

“का?”

“हात चलाख आहेत. यंत्राशी काहीतरी करते. मी स्वतः बघितलंय तिला सांगाड्यात हात घालताना.”

“काय करताना बघितलंत?”

“ते नाही दिसलं. पण लपवलं तिनं.”

बाईंनी समोरची आकड्यांची वही मिटली. मग म्हणाल्या, “तुम्ही इतकी वर्षं माझ्याबरोबर आहात. तुमचा शब्द मी कधी तपासला नाही, आताही तपासणार नाही. उद्या किनाऱ्याशी बोलणं होईल, तेव्हा सांगून टाकते.”

स्टामेन बाहेर आला, तेव्हा त्याला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. जेवताना झोर्नित्सा समोरच बसली होती, आणि तिनं मीठ मागितलं तर ते त्यानं तिच्याकडे न बघता सरकवलं.

दुसऱ्या दिवशी ऊन छान पडलं होतं आणि समुद्र निवांत. पुढच्या ठिकाणावर पोचायला वेळ होता. स्टामेननं सांगाडा गोड्या पाण्यानं धुवायला घेतला. आजपासून तो तिला सांगाड्याजवळ फिरकू देणार नव्हता. बाटल्या रिकाम्या होत्या आणि झाकणं मिटलेली. एरवी तो तपासायचा ते झाकणं उघडी ताणून ठेवल्यावर, वरून, टॉर्च मारून. आज तो धुताना खाली बसला होता, डेकवर बूड टेकून, आणि त्याच्या नाकासमोर त्या खोलच्या बाटलीचं खालचं झाकण आलं.

झाकणाच्या आणि बाटलीच्या मधे काहीतरी होतं. केसाएवढं जाड, मळकं, गुलाबीसर. त्यानं नखानं धरलं. ओलं होतं. ओढलं, तर लांबत गेलं, बाटलीच्या मागून, सांगाड्याच्या आतल्या कडीपर्यंत. तिथे घट्ट गाठ होती. गाठीखाली लोकरीचे दोन गोंडे लोंबत होते, गाळानं काळे पडलेले. त्यातल्या एकाची लोकर सुटून तिचा शेपटा झाला होता. झाकणं उघडी असताना तो शेपटा कडीच्या मागे निवांत पडून राहायचा. पाण्यात झाकण मिटताना आत ओढला जायचा आणि रबराखाली अडकायचा. त्या बारीकशा फटीतून वर येईपर्यंत वरचं सगळं पाणी आत.

स्टामेनला पहिला झाला तो आनंद. हे कबूल केलंच पाहिजे. “पकडली!” असं तो मोठ्यानं म्हणालाच. गाठ सोडून, दोरा मुठीत घेऊन तो तसाच प्रयोगशाळेत शिरला आणि झोर्नित्साच्या पुढ्यात टेबलावर टाकला.

“हे काय आहे?”

तिनं बघितलं. ओळखायला तिला जरा वेळ लागला. मग म्हणाली, “हे? हे तुमचं आहे बाते.”

“माझं?”

“तुमच्यासाठी वळलं होतं ना. तुम्ही घेतलं नाहीत. मग त्याचं करायचं काय? टाकता तर येत नाही, तुमच्या नावानं वळलेलं. दुसऱ्याला बांधलं असतं तर तुमची तब्येत त्याला गेली असती.” ती खालमानेनं बोलत होती. “आणि इथे झाड कुठलं आणायचं? पानायोतदादांची माणसं आपापले दोरे जहाजाच्या मागच्या कमानीला बांधणार म्हणाली. मला वाटलं, तुमचं झाड म्हणजे सांगाडा. म्हणून आत, कुणाला दिसणार नाही असं बांधलं. तुम्ही आलात तेव्हा लाज वाटली, की आता म्हणतील, नको म्हटलं तरी बांधतेच. कुठे सापडलं?”

“झाकणात,” स्टामेन म्हणाला. “खोलच्या बाटलीच्या.”

झोर्नित्सा हुशार होती, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिनं दोन्ही हात तोंडावर धरले. “म्हणजे तो प्राणवायू... आई गं! मीच!”

स्टामेन स्टुलावर बसला. चार दिवस तो या पोरीकडे बघत होता, तिच्या हातांकडे, तिच्या चेहऱ्याकडे, तिच्या कॉफीकडे. माणसाकडे बघण्यात इतका गुंतला, की बाटलीच्या बुडाखाली वाकून बघायचं राहून गेलं. तेवढंच त्याचं काम होतं, आणि तेवढंच राहिलं! त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“मी जाऊन सांगते बाईंना,” झोर्नित्सा उठली.

“बस.”

“पण...”

“बस म्हटलं ना.”

तो मिंचेवाबाईंकडे गेला. किनाऱ्याशी बोलणं अजून व्हायचं होतं. त्यानं दोरा त्यांच्यासमोर ठेवला आणि प्राणवायूची गोष्ट सांगितली. बाईंनी डोळे मिटले. तेवढ्या वेळात त्यांच्या मनातला एक मोठा शोध मोडून पडला असणार, पण त्या शहाण्या बाई होत्या, उघडले तेव्हा डोळे कोरडे होते.

“म्हणजे आतापर्यंतचं सगळं खोल पाणी बाद. पुन्हा मागे जायचं.” मग त्यांचा आवाज कडक झाला. “यंत्राला दोरा कुणी बांधला? बाल्चिकच्या त्या मुलीनं ना? तुम्ही कालच सांगितलंत ते बरं झालं. यंत्रावर जादूटोणा करणारी माणसं मला नकोत.”

इथे स्टामेननं ‘हो’ म्हटलं असतं, तर ते खरंच होतं. त्याचा संशय खरा ठरला असता, नाव राहिलं असतं, जागाही राहिली असती. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या संशयाला असा पक्का पुरावा मिळाला होता.

“दोरा माझा आहे,” तो म्हणाला.

“तुमचा?”

“तिनं मला वळून दिला होता. तुम्ही होतात तिथे.”

“तुम्ही नाकारलात. मी होते ना तिथे.”

“नंतर वाईट वाटलं. बायको म्हणते, नाकारू नये. म्हणून बांधला सांगाड्याला.” खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्याचे कान तापले होते. “आणि काल मी तिच्याबद्दल बोललो, ते चूक होतं. ते मागे घेतो. मुलगी चांगली आहे. तिला ठेवा.”

मिंचेवाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. असं बघणं स्टामेनला चांगलं ठाऊक होतं, तो स्वतः जगाकडे असंच बघायचा. पण आपल्याकडे कुणी असं बघितलेलं त्याला ठाऊक नव्हतं.

“काल हात चलाख, आज चांगली,” बाई सावकाश म्हणाल्या. “काल यंत्राशी काहीतरी करते, आज दोरा तुमचा. यातला कुठला स्टामेन खरा धरू?”

स्टामेननं टेबलावरचा दोरा उचलून खिशात घातला.

“ठीक आहे. मुलगी राहील. पण यापुढे तुम्ही बाटल्या लावल्या, की सांगाडा पाण्यात जायच्या आधी दुसरं माणूस तपासेल. त्याचा शब्द शेवटचा.”

“दुसरं कोण?”

“दुसरं आहे कोण? तीच.”

जहाजावर बातमी सूपपेक्षा आधी पोचते. दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं, की जहाज मागे वळलंय, घरी पोचायला उशीर होणार, आणि हे सगळं स्टामेनच्या गोंड्यांमुळे. आचाऱ्यानं त्याच्या ताटात वाढताना विचारलं, “बाते, भाजीला दोरा बांधू का, तब्येतीसाठी?” पानायोत मात्र हसला नाही. तो म्हणाला, “तू? तू दोरा बांधलास? उद्या सांगशील, मी सासूला फुलं पाठवली.” आणि मग हळू आवाजात, “बरं केलंस.” स्टामेननं विचारलं, काय बरं केलं, तर तो नुसता पाव चावत राहिला.

झोर्नित्सानं त्याला डेकवर गाठलं. ती चिडली होती.

“तुम्ही खोटं का सांगितलंत?”

“दोरा माझ्या नावानं वळला होतास की नाही?”

“हो, पण...”

“मग माझाच. त्यात खोटं काय?”

“गाठ मी मारली!”

“गाठीचं मला कुणी विचारलंच नाही.”

तिला हसू आलं, ते तिनं दाबलं. स्टामेनला हसू येत नव्हतं. त्याला आणखी एक सांगायचं होतं, आणि मघाचं खोटं त्यामानानं फार सोपं गेलं होतं. त्यानं कठड्याला धरलं.

“काल मी बाईंकडे गेलो होतो. तुझ्याविरुद्ध सांगितलं. हिला ठेवू नका म्हणून.”

झोर्नित्सा पाण्याकडे वळली.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “काल जेवताना बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. आणि तुम्ही मीठ दिलंत, ते मेलेल्या माणसाला द्यावं तसं. मी केबिनमध्ये जाऊन रडले. हॉटेलच्या मॅनेजरला चिठ्ठीही लिहून ठेवली, की जूनमध्ये येते.”

“माफ कर.”

“आज नाही जमणार बाते,” ती म्हणाली. “खरंच नाही जमणार. बघू.” आणि ती टॉर्च आणायला गेली, कारण जहाज त्या खोल जागेवर पोचलं होतं.

स्टामेननं बाटल्या लावल्या. झाकणं ताणली, तोट्या बंद केल्या, वायसर चाचपले, या वेळी खालूनही. मग तो बाजूला झाला आणि झोर्नित्सा आली. वर डेकच्या जिन्यावर मिंचेवाबाई उभ्या होत्या, हाताची घडी घालून. सगळे बघत होते. तिनं सांगाड्याभोवती फेरी मारली, मग खाली बसली, मग चक्क डेकवर आडवी झाली. एका बाटलीपाशी तिचा हात आत गेला आणि जरा वेळ आतच राहिला. काय करत होती, ते तिच्या खांद्याआड दिसलं नाही.

आणि स्टामेनच्या डोक्यातला तो जुना कारखाना धडधडत सुरू झाला. आता तर हिला कारण आहे. खरंखुरं कारण, मी माझ्या हातानं दिलेलं. माफ करणं जमणार नाही असं तोंडावर सांगून गेली आहे. एक झाकण जरासं सैल ठेवलं, एक तोटी पाव फेरा फिरवली, की झालं. दोरा माझा, बाटल्या माझ्या, चूक माझी. बाई तिथे उभ्याच आहेत. यानंतर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? कुणीही नाही. इतका पक्का संशय त्याला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि चुकीचा आहे असं म्हणायला हातात काहीच पुरावा नव्हता.

झोर्नित्सा उठली, गुडघे झटकले.

“सगळं ठीक आहे,” ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता.

स्टामेनचा हात खिशातल्या टॉर्चवर गेला होता. एक पाऊल पुढेही पडलं होतं. विंचच्या खोलीतून पानायोतनं डोकं बाहेर काढलं. किती वर्षं झाली, खुणेच्या आधी हा बाबा दोन फेऱ्या मारणार हे त्याला पाठ होतं, म्हणून त्यानं दांड्यावर हात ठेवलाच नव्हता.

“बघतोयस ना?” तो ओरडला.

झोर्नित्सानं आता मान वळवून स्टामेनकडे बघितलं. तिला वाटलं होतं, हा येणारच. ती सांगाड्याजवळून बाजूला सरकलीही, त्याला जागा द्यायला.

स्टामेननं खिशातून हात बाहेर काढला. रिकामा.

“तिनं बघितलंय,” तो म्हणाला. “सोड खाली.”